चाराचा आठ

गेल्या वर्षी जुलैत आप्पांना घेऊन बँकेत गेले होते. बाहेर रिपरिप, आत ओल्या छत्र्यांचा वास, टोकनचं मशीन बंद, म्हणून आपली जुनीच रांग. आप्पांचं पेन्शनचं खातं वेगळं आहे. हे आईबरोबरचं जुनं जॉइंट खातं. गावच्या घराच्या दोन खोल्यांचं भाडं त्यात जमा होतं आणि दर महिन्याला आप्पा स्वतः जाऊन ते काढतात. एटीएम कार्ड आहे, पण ते कपाटात, आलं त्याच पाकिटात. काउंटरवर नवीन मुलगी होती, तमिळनाडूतून बदलून आलेली, महिनाही झाला नसेल. तिच्या मागे पांढरा फळा, वर ‘आज का शब्द’, खाली निळ्या मार्करने ‘समाशोधन’ आणि त्यापुढे क्लिअरिंग. तो ‘आज’ बराच जुना असावा, कारण ‘धन’मधला न अर्धा पुसला गेला होता. आप्पांनी स्लिप पुढे सरकवली. तिने आकडा टाकला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, “अंकल, बॅलन्स नहीं है.” आप्पांना पासबुकातली शेवटची ओळ पाठ असते. सात हजार दोनशे. “नाही कसा?” ते म्हणाले. ती म्हणाली, “आठ हजार चार सौ नहीं है, अंकल.” आप्पा माझ्याकडे वळले. “आठ कुठून आले?”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांनी लिहिलं होतं ४५००. वळणदार, मास्तरी हाताचा ४ आणि पोट बाहेर काढून उभा राहिलेला ५. देवनागरी आकडे कधी लिहिले-वाचले नसतील तर आपला ४ हा थेट इंग्रजी आठ दिसतो, आणि ५ हा जरासा वाकलेला इंग्रजी चार. बिचारीने जे दिसलं ते वाचलं. खाली अक्षरात ‘चार हजार पाचशे फक्त’ लिहिलेलं होतं, पण ते मराठीत. मी सांगितल्यावर ती ओशाळून हसली, दोनदा सॉरी म्हणाली आणि म्हणाली, “नंबर्स इंग्लिश में लिखिए ना, प्लीज.” मागे रांग चुळबुळत होती. मी झटकन ती स्लिप फाडली, नवी घेतली, आकडे ‘इंग्लिश’ लिहिले, अक्षरी रक्कमही इंग्रजीतच लिहून टाकली, आणि आप्पांपुढे फक्त सहीसाठी सरकवली. त्यांनी सही केली, पैसे दोनदा मोजले, आणि आम्ही बाहेर पडलो.

स्लिप फाडायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

रिक्षात आप्पा बराच वेळ गप्प होते. पुलापाशी सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “ते इंग्रजी आकडे नाहीत. आपलेच आहेत. फिरून आलेत.” मी म्हटलं, हो, भारतातून अरबांकडे, तिथून युरोपात, माहितीय. ते म्हणाले, “माहितीय ना? मग तिला का नाही सांगितलंस?” आता रांगेत उभं राहून एका नव्या मुलीला अंकांचा इतिहास कसा सांगणार? पण प्रश्न इतिहासाचा नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

आप्पांच्या हाताखाली मी आकडे शिकले. दगडी पाटी, ओल्या फडक्याचा कुबट वास, पेन्सिल तिरपी धरली की निघणारी ती दात आंबवणारी किंचाळी. नऊ काढताना शेपूट वर वळवायचं की खाली यावरून खाल्लेला एक धपाटा अजून आठवतो. संध्याकाळी परवचा. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. औटकीपाशी, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापाशी, मी नेहमी अडकायचे. आप्पांच्या लेखी आकडा म्हणजे वळण. रकमेची बेरीज चुकली तर ते समजावून सांगायचे, वळण चुकलं तर मात्र पुसून टाकायचे. अशा माणसाचा चार आठ म्हणून वाचला गेला, आणि त्याच्या मुलीने तो मुकाट मान्य करून फाडून टाकला.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर घटनासमितीच्या चर्चा उघडल्या. हा नाद मला आधीपासूनच आहे. लोक रात्री स्वयंपाकाचे व्हिडिओ बघतात, मी हे वाचते. भाषेच्या प्रकरणावरची चर्चा १२ सप्टेंबर १९४९ला सुरू झाली आणि १४ तारखेला संपली, आणि त्या तीन दिवसांत एवढी मोठी माणसं शून्य ते नऊ या दहा चिन्हांवरून किती भांडलीत! हिंदी राजभाषा होणार, लिपी देवनागरी असणार, इथवर बहुतेकांची तयारी झालेली होती. पुढची पंधरा वर्षं इंग्रजी चालू ठेवायची, हा कडू घोटही हिंदीवाल्यांनी कसाबसा घेतला होता. गाडी अडली ती अंकांपाशी. पुरुषोत्तमदास टंडनांसारख्यांचं म्हणणं साधं होतं. लिपी देवनागरी, तर अंकही देवनागरीच. लिपीचे हात तोडून धड कसं घेणार? दक्षिणेतले सभासद म्हणत होते, आम्ही भाषा घेतली, लिपी घेतली, निदान हिशेब तरी आमच्या ओळखीच्या आकड्यांत राहू द्या. तमिळ लिपीला स्वतःचे अंक आहेत, पण रोजच्या व्यवहारातून ते कधीच मागे पडले होते. त्यांच्या मुलांनीही पाटीवर गिरवले ते हे फिरून आलेले आकडेच. म्हणजे काउंटरवरच्या त्या मुलीच्या आजोबांची जी अडचण होती, तीच माझ्यासमोर जुलैतल्या पावसात उभी होती.

चर्चेच्या सुरुवातीलाच राजेंद्रप्रसादांनी सभासदांना सबुरीचं आवाहन केलं होतं. तीनशेहून जास्त दुरुस्त्या टेबलावर होत्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की या घटनेत दुसरं कुठलंही कलम असं नाही जे रोज, तासातासाला, मिनिटामिनिटाला अमलात आणावं लागेल. तेव्हा इथे नुसतं मत जिंकून भागणार नाही, देशाला ते पचलं पाहिजे. हे वाचताना मला बँकेतला तो पांढरा फळा दिसला. मिनिटामिनिटाला. अगदी काउंटर नंबर तीनवर.

आणि मग तो मसुदा. कन्हैयालाल मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी जुळवलेली तडजोड. घटनेच्या ३४३व्या कलमात आजही ती आहे: संघाच्या शासकीय प्रयोजनांसाठी वापरायच्या अंकांचं रूप हे ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असेल. हा शब्दप्रयोग मी कितीदा तरी वाचलाय, पण त्या रात्री पहिल्यांदा तो मोठ्याने म्हणून पाहिला. भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप. काय कारागिरी आहे! इंग्रजी हा शब्द नाही. रोमन नाही, अरबीही नाही. दक्षिणेला हवे तेच आकडे मिळाले, आणि उत्तरेला ते आकडे मुळात भारतीयच आहेत असं घटनेतच लिहून मिळालं. शिवाय मागच्या दाराची सोयही ठेवलेली. त्या पंधरा वर्षांत राष्ट्रपतींना वाटलं तर आंतरराष्ट्रीय अंकांच्या जोडीला देवनागरी अंकांना परवानगी देता येईल, आणि नंतर संसदेला हवं तर त्यासाठी कायदा करता येईल. मुन्शी गुजरातीतले लेखक, त्यांच्या लिपीचे अंक तिसरेच. ज्याचे अंक दोन्ही बाजूंच्या भांडणात नाहीत, असा माणूस मध्यस्थीला बरा पडला असावा. हा आपला माझा तर्क.

आमच्या घरात असा एक कागद आहे. आप्पा आणि काका यांचं वाटणीपत्र, गावातल्याच एका जाणत्या माणसाने लिहिलेलं. जमिनीचे गट, घराच्या खोल्या, गोठा, सगळं फुटांत आणि गुंठ्यांत मोजलेलं. विहिरीपाशी आल्यावर मात्र एवढंच वाक्य: ‘विहिरीचे पाणी उभयतांनी सोयीप्रमाणे वापरावे.’ कुणाच्या सोयीने? किती तास? आधी कोण? काही नाही. मी कॉलेजात असताना हे वाचून हसले होते, की हा काय मसुदा झाला. त्या ‘सोयीप्रमाणे’वरून पुढे तीस वर्षं दर उन्हाळ्यात कुरबुर झाली. एकदा काकूने मोटारीचं स्टार्टर काढून माळ्यावर लपवलं होतं. पण कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही, कारण त्या शब्दाच्या जोरावर दोघेही आपलंच खरं म्हणू शकत होते. त्याने तास लिहून दिले असते तर पहिल्याच दुष्काळात दावा लागला असता, असं आप्पा म्हणतात. काकांचं म्हणणं वेगळं आहे. तास लिहिले असते तर भांडलोच नसतो, असं ते म्हणायचे. मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९५५मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी एक आठवण सांगितली आहे. काँग्रेस पक्षाच्या आतल्या बैठकीत हिंदीच्या प्रश्नावर ७८ विरुद्ध ७८ अशी मतं पडली, कोंडी फुटेना, आणि नंतर पुन्हा मत घेतल्यावर ७८ विरुद्ध ७७, अशा एका मताने हिंदी जिंकली. यावरूनच हिंदी एका मताने राष्ट्रभाषा झाली अशी दंतकथा घरोघरी गेली, आणि ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द कलमात कुठेच नाही हेही लोक विसरले. काही अभ्यासकांच्या मते ती बरोबरीची घासाघीस हिंदीवर नव्हतीच, ती अंकांवर होती. तसं असेल तर मला ते जास्त पटतं. भाऊ शेतावरून भांडत नाहीत, बांधावरच्या आंब्यावरून भांडतात.

आणि हे सांगणारे बाबासाहेब त्या सभागृहात आले कसे, तीही एक तडजोडच. पहिल्यांदा ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून निवडून गेले. १३ डिसेंबर १९४६ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला तेव्हा मुस्लिम लीगच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मुकुंदराव जयकरांनी दुरुस्ती मांडली, की घाई नको, जे आलेले नाहीत त्यांची वाट पाहू. सभागृहाला ते रुचलं नाही. चार दिवसांनी, १७ तारखेला, बाबासाहेब उभे राहिले आणि काँग्रेसच्या बाकांना अपेक्षा नसताना त्यांनी जयकरांची बाजू उचलून धरली. एकत्र येण्यासाठी शब्द सोडावे लागले तर सोडा, असा त्या भाषणाचा सूर. ठराव २२ जानेवारीपर्यंत थांबला खरा, लीग काही आली नाही. मग फाळणी झाली आणि बाबासाहेबांची बंगालची जागाच गेली. ३० जून १९४७ला राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं, की डॉ. आंबेडकरांना मुंबईतून ताबडतोब निवडून पाठवा. ज्या पक्षाशी ते आयुष्यभर भांडले, त्या पक्षाने जागा शोधली, आणि ती निघाली कुणाची? राजीनामा देऊन गेलेल्या त्याच जयकरांची. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. शाळेतल्या पाठात हे सगळं दीड ओळीत होतं. त्या दीड ओळीत किती जणांनी किती आवंढे गिळले असतील ते मास्तरांनी सांगितलं नाही. आप्पांनीही नाही.

या चर्चांमध्ये मराठी आडनाव दिसलं की मी आपोआप थांबते. झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर. अधिवेशनाच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४६ला, हिंदुस्तानीत बोलायला उभे राहिले, आणि ज्यांना ही भाषा येत नाही त्यांना इथे बसण्याचा, एवढंच काय, हिंदुस्तानात राहण्याचाही हक्क नाही, असं बोलून गेले. तिथे बसलेल्या कित्येकांना ते काय म्हणताहेत हेही कळलं नसेल. झाशीत कैक पिढ्या राहिलेला मराठी माणूस दुसऱ्याला भाषेवरून घरातून काढतो, हे वाचून मला आधी हसू आलं, मग आलं नाही. दुसरीकडे शंकरराव देव. त्यांनी सरळ विचारलं, की संस्कृती संस्कृती म्हणता, तिचा अर्थ कुणी सांगत नाही, आणि आज घेतला जातो तो अर्थ थोड्यांनी पुष्कळांवर चालवलेली सत्ता एवढाच आहे. दोघेही आपलेच. आणि दुर्गाबाई, म्हणजे पुढच्या दुर्गाबाई देशमुख! आंध्रात लहानपणापासून हिंदीचे वर्ग चालवलेली बाई. तिचं दुखणं असं, की आम्ही आपण होऊन, आवडीने हिंदी शिकलो, शिकवली. आता तुम्ही ती अशी अंगावर घेऊन आलात की तो सगळा उत्साहच गोठून जावा. त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर १९४८मध्ये, टी. टी. कृष्णमाचारींनी आजच्या उत्तर प्रदेशातल्या मित्रांना बजावलं होतंच: तुम्हाला अखंड हिंदुस्तान हवा की हिंदी-हिंदुस्तान, ते तुम्हीच ठरवा.

ठरवलं कुणीच नाही. पुढे ढकललं.

ढकललेलं भांडण व्याज घेऊन परत येतं. पंधरा वर्षांची मुदत २६ जानेवारी १९६५ला संपायची होती. त्याच्या तोंडावर मद्रास राज्य पेटलं, माणसं मेली, काहींनी स्वतःला जाळून घेतलं. आणि आपल्याकडे? भाषावार प्रांतांचा प्रश्नही घटनासमितीने असाच बाजूला ठेवला, पुढच्या संसदेकडे सोपवला. मुंबई कुणाची याचं उत्तर दिल्लीतल्या त्या थंड सभागृहात मिळालं नाही, ते फ्लोरा फाउंटनच्या रस्त्यावर शोधावं लागलं. म्हणून तडजोडीचे गोडवे गायला माझी जीभ वळत नाही. त्या वेळी ठरवायला बसले असते तर कागदच झाला नसता, हे मला कळतं. पण हुतात्मा चौकातून जाताना ते कळणं पुरत नाही.

अंकांचं भांडणही मेलेलं नाही. २०१६च्या नोव्हेंबरात दोन हजारांची नवी नोट आली. आपण सगळे रांगेत तिचा रंग उतरतो का ते बघत होतो. तिच्यावर देवनागरीत २००० छापलं होतं, आणि त्या आकड्यावरून मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात याचिका गेली, थेट ३४३व्या कलमावर बोट ठेवून. आप्पांना तेव्हा तो आकडा बघून आनंद झाला होता. “बघ, आले परत,” म्हणाले होते. तो आनंद खोटा नव्हता. मदुराईतल्या माणसाला जे टोचलं तेही खोटं म्हणवत नाही.

आणि माझं काय? मी हा लेख मोबाइलवर लिहितेय आणि आकडे देवनागरी उमटवायला मला कीबोर्डवर एक बटण जास्तीचं दाबून धरावं लागतंय. फोन नंबर मी कधीच मराठीत लिहीत नाही. माझी मुलगी सेमी-इंग्लिशची. सत्तेचाळीस म्हटलं की ती क्षणभर हवेत बघते, मग “फोर्टी सेव्हन ना?” २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’ आलं तेव्हा आप्पांनी दोन दिवस पेपर वाचला नाही. मी त्यांच्यासमोर माना डोलावल्या, आणि मनात म्हटलं, पोरीला सोपं जाईल. ती स्लिप मी भाषेच्या लाजेने फाडली की रांगेच्या धाकाने, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. थोडं दोन्हींमुळे असावं.

त्या वाचनात एक गोष्ट अशी सापडली की ती सकाळीच आप्पांना सांगितली. घटनेची हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्यांनी लिहिली, आणि तिचा कागद पुण्याच्या हातकागद संस्थेत तयार झाला. २४ जानेवारी १९५०ला सभासदांनी सह्या केल्या तेव्हा टेबलावर ती प्रतही होती. तीन दिवस अंकांवरून, लिपीवरून एकमेकांचे गळे धरलेली माणसं ओळीने आली आणि कुणी इंग्रजीत, कुणी नागरीत, कुणी उर्दूत, ज्याला जी वळणदार येते त्या लिपीत सही करून गेली. आप्पांना बाकी कशाचं काही वाटलं नाही. “कागद पुण्याचा?” एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. हातकागदावर बोरू अडकतो, शाई पसरते, घोटून घेतला असेल नीट, असं बराच वेळ स्वतःशीच बोलत राहिले.

पुढच्या महिन्यात परत गेलो. या वेळी मी स्लिपला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. आप्पांनी खिशातून चष्मा काढला, रकमेच्या चौकटीत आंतरराष्ट्रीय रूपातले आकडे लिहिले, सावकाश, पाटीवर गिरवल्यासारखे. अक्षरात मराठीतच, ‘चार हजार पाचशे फक्त’. आणि तारीख मात्र देवनागरीत, १४-८. काउंटरवर तीच मुलगी. फळ्यावरचा शब्द बदलला होता, ‘अग्रेषित’. तिने रक्कम टाकली, मग तारखेवर तिचं पेन थांबलं. माझ्या पोटात गोळा आला. तिने पेनाचं टोक ४ खाली धरलं आणि आप्पांकडे बघून विचारलं, “ये... फोर?”

“फोर,” आप्पा म्हणाले. मग काचेच्या भोकाशी वाकून, “तुमच्यात काय म्हणतात?”

“नालु.”

“नालु,” आप्पांनी शिक्का पडेपर्यंत घोकलं. रिक्षात बसल्यावर पुन्हा दोनदा म्हणून पाहिलं, बोटाने मांडीवर ४ काढला. पूल ओलांडला, घराची गल्ली आली, तेव्हा एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “पाचाला काय म्हणतात ते विचारायचंच राहिलं.”